साहेब आमची गाडी बघायला आले

...आणि वर मलाच विचारतात! "मोहितेबाई, तुमची गाडी रिकामी कशी?" आता ह्याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा. म्हणजे उत्तर आहे हो माझ्याकडे, पण ते लांबलचक आहे, आणि डेपोतल्या साहेबांच्या टेबलासमोर उभं राहिलं की माझी वाक्यं आपोआप अर्धी होतात. मी म्हटलं, "साहेब, माणसं होती... पण नव्हती." ते म्हणाले, "तेच की!" झालं, संपलं बोलणं. तुम्ही मात्र बसलाच आहात तर तुम्हाला सगळं सांगते. घाई नाही ना कुणाला? आणि असली तरी आता जाणार कशानं?

मी कंडक्टर. खात्याचं नाव घेत नाही, डेपोचंही घेत नाही, उगाच बदली व्हायची. आमची गाडी मुक्कामाला बोरजाईवाडीत. कडेगावच्या अंगाला आहे, तुम्हाला माहीत नसेल, खात्यालाही फारसं माहीत नाही. सकाळी तिथून निघायचं आणि उसाच्या ट्रॅक्टरमागनं रांगत रांगत मिरजेला पोचायचं. मी त्याच गावची सून, म्हणून ड्युटी मला. गाडी उभी राहिली की मी घरी, आणि आमचा ड्रायव्हर भरतेशदादा मारुतीच्या देवळात. भरतेशदादा जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवणार म्हणजे जेवणार, त्यामुळं आमची परतीची गाडी कधी लेट नाही. सगळं खातं वेळापत्रकावर चालतं, आमची गाडी भरतेशदादाच्या जेवणावर चालायची. लोक घड्याळ लावायचे हो तिच्यावर!

पहिलं मला सगळ्याचं लय वाटायचं. सुट्ट्या पैशांवरून कुणी टाकून बोललं की रात्री झोप नाही. पण इंजिनाच्या थरथरीत इतकी वर्षं उभी राहिलेय, तळपायाला आलेल्या मुंग्या कधी वर चढल्या आणि कुठपर्यंत गेल्या कळलंच नाही. आता कुणी काही बोलू दे, काही होऊ दे... मला काही वाटत नाही. डबल बेल देते, गाडी पुढं जाते.

तर गाडीत कोण असायचं? मिरजेला दवाखान्याला निघालेले, त्यांचे डबे घेऊन निघालेले, बाजाराच्या टोपल्या, आणि शिवांजली. सुभेदार नाथाजींची मुलगी. मिरजेला नर्सिंगचं पहिलं वर्ष. नाथाजी म्हणजे पेन्शनीत आलेले, पण फौज काही त्यांच्यातनं पेन्शनीत गेली नाही. अजून चहाचा कप सुद्धा सावधान करून पितात. त्यांनी पहिल्या दिवशी मुलीला गाडीत बसवलं आणि मला बजावलं, "वैनी, ऐका. ही गाडी सरकारी हाय म्हून पोरगी जाणार. हॉस्टेल न्हाई, वडाप न्हाई. ज्या दिवशी ही गाडी बंद, त्या दिवशी कॉलेज बंद. साताऱ्याकडचं एक स्थळ आलंच हाय. पोरगा मेढ्याला बँकेत हाय. ही माझी फायनल ऑर्डर." वडाप म्हणजे जीप हो, माणसं कोंबून नेतात ती. आमच्या गावात पप्पूची आहे. पप्पू तिथंच उभा होता, म्हणाला, "सुभेदार, माझ्या गाडीला काय झालं?" नाथाजी म्हणाले, "तुज्या गाडीला डिसिप्लिन न्हाई."

शिवांजली माझ्याकडं बघून हसली. लहानपणापासून बघतेय तिला, शेजारच्याच गल्लीत वाढली, इंजेक्शनला घाबरून पळणारी पोर, आणि आता तीच दुसऱ्यांना टोचायला शिकणार... मी तिचं दप्तर जरा नीट केलं. जरासंच. मग म्हटलं जाऊ दे, आणि डबल बेल दिली.

आणि मग डेपोत फतवा आला. सगळ्यांना ट्रेनिंग. विषय काय? नीट ऐका, मी पाठ केलाय. 'संघटनात्मक चपळता आणि शाश्वत स्पर्धाक्षमता'. भरतेशदादानं दोनदा वाचलं आणि विचारलं, "वैनी, हे आपण करायचं का आपल्याला होणार आहे?"

ट्रेनिंगला मी गेले, भरतेशदादा गेला, मग गाडी कोण नेणार? कुणीच नाही. चपळता शिकायची म्हणून त्या दिवशीची फेरीच रद्द! लोक पप्पूच्या वडापनं गेले, आणि शिवांजली घरी बसली. त्या दिवशी तिची परीक्षा होती हो, छोटीच, पण होती. नाथाजींनी मला संध्याकाळी दारात गाठलं. "काय शिकला, वैनी?" मी म्हटलं, "चपळता." ते म्हणाले, "जय हिंद," आणि गेले.

ट्रेनिंगचं काय सांगू! हॉलमध्ये खुर्च्या, समोर पडदा, आणि पुण्याहून आलेले विश्वजीत सर. चांगले होते हो बिचारे, वयानं आमच्या भाच्याएवढे, सारखं पाणी पीत होते. म्हणाले, "मित्रांनो, तुमची संस्था म्हणजे एक हत्ती आहे. आपल्याला हत्तीचा चित्ता करायचाय!" मागनं कुणीतरी म्हणालं, "आधी हत्तीचा क्लच बदला." सर हसले, म्हणाले, "दॅट्स द स्पिरिट!" मग त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, म्हणाले ह्यावर सगळ्या गटानं उभं राहायचं, मग ते अर्धं करणार, मग पुन्हा अर्धं, आणि एकमेकांना सांभाळत कसं मावायचं ते आपण शोधायचं, ह्याला म्हणे टीमवर्क. त्यांनी पेपर पसरला न पसरला तोच मी सवयीनं म्हटलं, "चला आत सरका, मागं जागा आहे!" सगळे मावले. अर्धा केला, मावले. पाव केला, तरी एक पाय ठेवून मावले, वर सरांनाही ओढून घेतलं. सर म्हणाले, "अमेझिंग, तुम्हाला कसं वाटतंय?" आता कसं वाटायचं? रोज वाटतं तसं. काही नाही.

मग मुद्द्याची गोष्ट शेवटी निघाली, जेवण झाल्यावर, म्हणजे सगळे पेंगत असताना. दुबळ्या फेऱ्या बंद करणार. कुठली दुबळी ते ठरवायला मोठे साहेब स्वतः गाड्यांतनं फिरणार. डेपो मॅनेजरनी मला बाजूला घेतलं. "मोहितेबाई, सोमवारी साहेब तुमची मिरज गाडी बघायला येतायत. आदल्या रात्री मुक्कामाला तुमच्याच गावात येतील, पाटलांकडं सोय केलीय. तुमच्या फेरीचं काय ते त्यांच्या हातात आहे. तेव्हा एक करा, त्यांची काही गैरसोय होता कामा नये." बस्स. इतकंच म्हणाले. साहेब येऊन काय बघणार, मोजणार, हुंगणार, एक अक्षर नाही.

मी गावात येऊन जसंच्या तसं सांगितलं. साहेब गाडी बघायला येतायत, गाडी राहायची का जायची ते त्यांच्या हातात आहे, त्यांची गैरसोय नको. यात माझं काय चुकलं? सांगा ना. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही!

रंगूबाई म्हणून आहेत आमच्याकडं, दर आठवड्याला डोळे दाखवायला मिरजेला जातात. डोळे बरे होऊन दोन वर्षं झाली, तरी जातात. गाडीतली पहिली खिडकी त्यांची. त्या म्हणाल्या, "बघाय येणार म्हंजी सोयरीकच की गं! पाव्हणं पोरगी बघाय येत्यात तवा आपण काय करतो? घर सारवतो, पोरंसोरं शेजारी धाडतो, गर्दी हटवतो. व्हय का न्हाई?" सगळे म्हणाले, व्हय. "मग गाडी बी तशीच दाखवाय पायजे. त्या कोंबड्या, त्या टोपल्या, ती धोंडुबाईची तंबाखू... ते बघून कुठला साहेब पसंत करंल?" धोंडुबाई म्हणाल्या, "माझ्या तंबाखूवर कशाला येताय?" पण मान हलवली.

आणि हे सगळं मला कुणी सांगितलं नाही हो! का, तर म्हणे वैनीला आणखी ताण नको.

सोमवारी उजाडता उजाडता मी देवळापाशी आले आणि बघते तर गाडी धुतलेली! आरशाला झेंडूचा हार. पायरीपुढं रांगोळी. आतल्या बाकांवर चादरी, कुणाच्या लग्नातल्या, कुणाच्या फौजेतल्या. भरतेशदादा केस विंचरून उभा. मी म्हटलं, "अहो, माणसं कुठायत?" तो म्हणाला, "गेली की. पप्पूनं मध्यरात्रीपासनं दोन खेपा केल्या." "कुठं गेली?" "मिरजेला." "वडापनं?" "मग काय, साहेबांच्या मांडीवर बसायचं?"

तोवर साहेब आलेच. शुभ्र शर्ट, हातात ते टकटक मोजायचं यंत्र. माणसं मोजायचं! ते बघितलं आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तुम्हाला सांगते, पडला आणि पडून तसाच राहिला, कारण करणार काय? नाथाजी धावत आले, साहेबांना कडक सलाम ठोकला, आणि मुलीला गाडीत चढवलं. तिला वडापनं पाठवायची नाही, ही त्यांची ऑर्डर होती ना, म्हणून ती एकटी उरली. अख्ख्या गाडीत एक शिवांजली, तीही शेवटच्या बाकावर, साहेबांना अडचण नको म्हणून दप्तर मांडीवर घेऊन. साहेबांनी यंत्र दाबलं. टक्. एक.

"बाकीचे प्रवासी?" साहेबांनी विचारलं. माझं वाक्य अर्धं व्हायच्या आत शिवांजलीच बोलली, खरं बोलायची सवय बापानं लावलेली, "वडापनं गेले, साहेब." "का?" "तुमच्यामुळं." साहेबांनी भुवया वर केल्या आणि फोनवर काहीतरी टिपून घेतलं. मी म्हटलं, साहेब, तसं नाही हो ते, लोकांनी तुमच्यासाठी... "बाई," ते म्हणाले, "लोकांनी कशानं जायचं ही लोकांची निवड आहे. आपण ती प्रामाणिकपणे नोंदवायची. गाडी सोडा."

मला काही वाटलं नाही. डबल बेल दिली.

मी म्हटलं, असू दे, पुढं थांबे आहेत, तिथं भरेल. पहिला थांबा आला. माणसं उभी! माझा जीव भांड्यात पडला, मी दार उघडून म्हटलं, "या या, लवकर चढा!" तर सगळ्यांनी हात जोडले. साहेबांना नमस्कार केला. आणि एक म्हातारा म्हणतो कसा, "तुमी व्हा फुडं! आमी येतो मागनं!" रंगूबाईंनी सगळ्या थांब्यांवर फोन केले होते हो! लेक दिलीय, भाची दिलीय, ह्या रस्त्यावर त्यांचं नातं नाही असा थांबाच नाही. मी डोळ्यांनी खुणावतेय, मान हलवतेय, चढा, चढा म्हणून... तर त्यांना वाटतं, मी भिडेखातर म्हणतेय! "न्हाई न्हाई बाई, आमच्यामुळं गैरसोय नको!" भरतेशदादानं ब्रेक दाबून ठेवला, खिडकीतनं ओरडला, "अहो बसा की!" "जावा दादा, साहेब खोळंबल्यात!" एकानं तर साहेबांना खिडकीतनं नारळ दिला. साहेबांनी घेतला. मोजायच्या यंत्रावर बोट तसंच.

असं थांब्याथांब्यावर. उतरायला कुणी नाही, चढायला कुणी नाही, नुसते नमस्कार. एखाद्या दिंडीत नाही का देव पुढं जातो आणि लोक हात जोडतात, तसं, फक्त देव मोजत नाही. आणि आमच्या मागनं काय येतंय? पप्पू! हॉर्न मारत, त्याच माणसांना उचलत. तिसरी खेप त्याची. पलूस ओलांडल्यावर साहेबांनी पाय समोरच्या बाकावर ताणले, फौजेची चादर गुडघ्यावर ओढली आणि त्यांचा डोळा लागला. मिरजेत उतरताना म्हणाले, "फार छान सेवा आहे, बाई. स्वच्छ, शांत, वेळेवर. असा प्रवास मी बऱ्याच वर्षांत केला नव्हता." आणि शिवांजलीला म्हणाले, "चांगलं शिक." अगदी मनापासून म्हणाले हो. वाईट माणूस नव्हता तो. दोन दिवसांत फेरी बंद झाली.

दोनच दिवसांत! आमच्या गाडीचं फाटकं सीट बदलायला दोन वर्षं लागली होती. मी तेव्हा मनात म्हटलं, झालं, आलं ते ट्रेनिंग कामाला.

गाव हादरलं. सगळे डेपोत गेले, रंगूबाई पुढं. कशानं गेले विचारू नका, पप्पूच्याच जीपनं गेले, तो म्हणे अशा कामाला भाडं घेत नाही. डेपो मॅनेजर डोक्याला हात लावून बसलेले. "अहो पण साहेब आले तेव्हा तुम्ही होता कुठं?" रंगूबाई म्हणाल्या, "तेस्नी जागा दिली की!" "पण माणसं मोजायला आले होते ते!" "मग तसं सांगायचं! गावजेवण घालतासा आन पंगत मोजणार हे लपवून ठेवतासा व्हय? आमी आणखी चार गावची माणसं आणून बसवली असती, टपावर सुद्धा!" "आता रिपोर्ट वर गेला." "मग खाली आणा." "तसं नसतं हो आजी. फेरी बंद करायचा अधिकार साहेबांना. चालू करायला समिती लागते, समिती पुढच्या वर्षी बसणार." नाथाजी कोपऱ्यात ताठ उभे होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी मागं हटाय चपळ, फुडं सराय समिती. आमच्यात ह्याला दुसरं नाव हाय." नाव काही सांगितलं नाही. बायका होत्या ना.

दुसऱ्या दिवसापासून शिवांजली घरी. मी पाणी भरायला जाताना दिसायची, ओट्यावर बसलेली, पांढरा युनिफॉर्म इस्त्री करून शेजारी ठेवलेला. कुठं जायचं नाही, तरी इस्त्री करायची. मेढ्याच्या पाहुण्यांचा निरोप आला, रविवारी येतो म्हणून. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.  नेहमीप्रमाणं हात वर गेला हो माझा, घंटीच्या दोरीसाठी... पण गल्लीत कुठली आलीय दोरी? घंटी नाही, गाडी नाही. तशीच उभी राहिले हंडा घेऊन.

आणि मला काय मिळालं? नवी ड्युटी! 'स्पर्धा कक्ष'. म्हणजे मिरजेत चौकातल्या झाडाखाली एक खुर्ची. तिथं बसायचं आणि दिवसभरात वडाप किती येतात, किती भरून येतात, ते टिपायचं. स्पर्धकाचा अभ्यास! बरं, पण मी मिरजेला जाणार कशी? गाडी बंद. मी डेपोला फोन करून विचारलं. ते म्हणाले, "बघा काहीतरी, चपळ व्हा."

गेले मग. सकाळी खाकी चढवली, बिल्ला लावला आणि पप्पूच्या जीपमध्ये पुढं जाऊन बसले. लाज वाटायला पाहिजे होती, नाही? नाही वाटली. पप्पूनं सीट पुसली, गाणं बंद केलं, आणि मागच्या पोरांना म्हणाला, "पाय आत घ्या रं, बाई बसल्यात." जीप सुरू होणार तेवढ्यात नाथाजी समोर येऊन उभे. पप्पू घाबरला. नाथाजी माझ्याकडं बघत राहिले, बिल्ल्याकडं, खाकीकडं.

"वैनी, रोज जाणार ह्यातनं?"

"जाणार."

"वर्दीत?"

"ड्युटी आहे म्हटल्यावर वर्दीतच."

नाथाजींनी मग जीपला एक फेरी मारली, टायर बघितले, पप्पूला म्हणाले, "किती माणसं भरतोस?" पप्पू म्हणाला, "बाई सांगतील तेवढी." मी म्हटलं, "नऊ." पप्पूनं मागनं तिघांना उतरवलं. नाथाजींनी घराकडं तोंड करून आवाज दिला, "शिवांजली! सरकारी माणूस वर्दीत बसलाय, म्हंजी गाडी सरकारीच धरायची. चल, दप्तर घे!" काय पळत आली पोर! इस्त्रीचा युनिफॉर्म घालूनच बसली होती हो ती, मला खाकीत निघालेली बघितलं असणार... माझ्या शेजारी बसली आणि माझा हात धरला. मिरजेपर्यंत सोडला नाही. मेढ्याच्या पाहुण्यांना निरोप गेला, मुलीचं शिक्षण झाल्यावर बघू.

तेव्हा मात्र वाटलं मला काहीतरी. काय ते सांगता येत नाही. जीपमध्ये दोरीही नव्हती ओढायला.

आता काय, रोज जाते. जीप वेळेवर सुटते, नऊच्या वर माणूस नाही, गाणं नाही, म्हातारीला पुढची जागा. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका थांबून राहतात, म्हणतात, 'बाईची गाडी येऊ दे.' बापमाणसं पोरींना बिनघोर बसवतात. मी मिरजेत उतरते, झाडाखाली बसते आणि पहिली नोंद आमच्याच जीपची करते. परवा डेपोतनं शाबासकीचा फोन आला. म्हणाले, "बोरजाईवाडी मार्गावर स्पर्धक फारच बळकट होतोय, कारण शोधा." मी म्हटलं, शोधते.

पप्पू आता दुसरी जीप घेतोय. काल अगदी अदबीनं म्हणाला, "बाई, रागावू नका, पण तुमी बसल्यापासनं धंद्याला भरोसा आलाय. तुमच्या डेपोत तुमच्यावाणी आणखी कुणी रिकामं हाय का? वर्दीतलं?"  डेपोत गेले, सहज म्हणून, हसत हसत सगळ्यांना सांगितलं. कुणी हसलं नाही.  आणि मी निघाले तर भरतेशदादा गेटपर्यंत मागं आला, इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "वैनी... त्या दुसऱ्या जीपला ड्रायव्हर ठरला का हो?"